तुम्ही न वाचलेली अकरा पानं

कुंदाताई,

काल गुरुवार होता, तुम्ही गेल्यानंतरचा दुसरा. पहिल्या गुरुवारी कोणाला काही सुचलं नाही. काल मात्र सगळे जमले, चौबे कॉलोनीत, तुमच्याच खोलीत, नेहमीसारखे चार वाजता. तुम्ही ज्या खुर्चीत बसून वाचायच्या तिच्यावर तुमच्या भाचीने तुमचा फोटो ठेवला होता. मला ते अजिबात आवडलं नाही. फोटोत तुम्ही हसताय, आणि वाचताना तुम्ही कधी हसायच्या नाहीत. पुस्तक कितीही विनोदी असो, तुमचं तोंड घरपट्टीची नोटीस वाचल्यासारखं, आणि आम्ही हसून बेजार. पण फोटो निवडताना मला कोणी विचारलं नाही, आणि विचारावं असं माझं काही उरलंही नव्हतं. नऊ महिने मी तुमच्या घराची पायरी चढले नव्हते.

काळेकाकांचा फोन आला तेव्हा मी पीठ मळत होते. रेल्वेतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी हा माणूस फोनवर गाडीतल्या गार्डसारखाच ओरडतो. "वनिता, ताईच्या सभेत तुले वाचाचं हाये. त्या खटल्याच्या कादंबरीचा शेवट. ताईनं वाचला तसा कोनाले जमनार नाही, पन तू वाच. त्या पुस्तकावर तुह्यापेक्षा जास्त हक कोनाचा हाये?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी तुमची भाची पुस्तक घेऊन बीरगांवला आमच्या घरी आली. म्हणाली, मावशीची सगळी पुस्तकं कपाटात होती, हेच तेवढं साड्यांच्या घडीत सापडलं.

ते पुस्तक मी वाचलं, ताई. आणि तुमची चोरी पकडली.

गुरुवारचे नियम तुमचेच होते. रायपूरला मराठी पुस्तक मिळत नाही, नागपूरहून येणाऱ्याच्या पिशवीतून येईल तेवढं. प्रत एकच. काळेकाकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, मंगलावहिनींना वाचताना झोप येते, आणि काकांची नात रुची, तिला मराठी समजतं सगळं पण उत्तर हिंदीतच देते आणि वाचायला घेतलं की दर ओळीला अडखळते. म्हणून तुम्ही वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. पुढचं पान कोणी आधी वाचायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. "वाचणाऱ्याला आधीच माहीत असलं की आवाजात कळतं," असं तुम्ही म्हणायच्या. आणि पुस्तक संपलं की प्रत्येकाने आपलं एक मत सांगायचं, तुम्ही ते वहीत उतरवायचं आणि सगळ्यांची मतं एका लिफाफ्यात घालून लेखकाच्या पत्त्यावर धाडून द्यायची. दोनतीन लेखकांची उत्तरंही आली होती. ती पत्रं तुम्ही शोकेसमध्ये कपबशांच्या पुढे लावून ठेवली होती.

ती कादंबरी दिवाळीनंतर सुरू झाली. सोळा वर्षांचा मुलगा. शेजारचे म्हातारे गृहस्थ जिन्यावरून पडून मरतात आणि हा खालच्या पायरीजवळ उभा सापडतो, हात झटकत, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत. कोणाच्या डोळ्यांत बघत नाही. जे विचारलं तेवढंच सांगतो, कधी तेही नाही. लोक म्हणतात यानेच ढकललं. खटला उभा राहतो. चौथ्या प्रकरणात 'ऑटिझम' हा शब्द आला, आणि तुमच्या खोलीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी खिडकीकडे बघायचं टाळलं. खिडकीत माझा सुमेध बसला होता. घरी एकटा ठेवता येत नाही म्हणून मी त्याला दर गुरुवारी सोबत आणायचे, आणि तो समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बघत बसायचा. तो शब्द मी नागपूरच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकला तेव्हा तो सात वर्षांचा होता. तोपर्यंत मी तो फक्त तुम्हाला सांगितला होता.

लोक मात्र ऐकता ऐकता बोलायचेच. "हा नजर काहून देत नाही?" काळेकाका म्हणायचे. "खरं बोलनारा मानूस डोळ्यात डोळे घालून बोलते." मंगलावहिनी म्हणायच्या, "मले तं त्याच्या मायचीच दया येऊन राहिली. असं पोरगं पोटी आलं तं मानसानं काय करावं?" आणि मग जीभ चावायच्या. रुची चिडायची, "दादाजी, नज़र नहीं मिलाना कोई जुर्म है क्या?" तुम्ही पान उलटायच्या. मी घरी जाताना ऑटोत सगळ्यांवर मनातल्या मनात तोंडसुख घ्यायचे. पण पुढच्या गुरुवारी पुन्हा यायचे. पहिल्यांदाच असं होत होतं की चारचौघं बसून माझ्या घरातलं बोलत होते आणि मला त्यात काही सांगावं लागत नव्हतं.

आता त्या दिवाळीच्या आधीच्या उन्हाळ्याचं. आपण दोघी त्यावर पुन्हा कधीच बोललो नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवीन दुमजली घर झालं होतं. मे महिना, गल्लीत अर्ध्या घरांना पाणी नाही, आणि त्या घरची मोटर चालू राहून टाकी भरून वाहत होती. सुमेधला सगळं चालतं, वाहती टाकी चालत नाही. तो फाटक उघडून आत गेला आणि व्हरांड्यातलं मोटरचं बटण बंद केलं. घरातली बाई बाहेर आली ती किंचाळतच. घरात तरुण मुलगी, आणि हा वाढलेला मुलगा व्हरांड्यात भिंतीला लागून उभा. गल्ली गोळा झाली, दोनचार जणांनी त्याच्यावर हात साफ करून घेतले आणि त्याला ठाण्यात नेलं. सुमेधचे बाबा उरला औद्योगिक वसाहतीतल्या मिलमध्ये, शिफ्टवर. मी पीसीओवरून तुम्हाला फोन केला. अर्ध्या तासात तुम्ही आलात, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

ठाण्यातला लिहिणारा मुंशी वाईट नव्हता. "हव बाई, समझ गया," म्हणाला. "लिख के दे दो कि लड़के को कुछ समझ में नहीं आता. वो लोग रिपोर्ट वापस ले लेंगे, बात ख़तम." तुम्ही माझा दंड धरलात. "वनिता, सही करू नको. यांना त्यालेच विचारू दे. एक एक गोष्ट विचारा म्हणावं आणि थांबा. त्याले सांगता येते." मी म्हणाले, "त्याले काय सांगता येनार, ताई? अन हे काय थांबून राहनार हायेत?" आणि मी सही केली. मेरे लड़के का दिमाग ठीक नहीं है, उसे कुछ समझ में नहीं आता, आगे से अकेला बाहर नहीं निकलेगा. मुंशीने सांगितलं तसं मीच लिहिलं, माझं हिंदी अक्षर चांगलं आहे.

तेव्हापासून तो माझा हात धरूनच बाहेर जातो. पोरगा माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि मी त्याला बाजारातून हात धरून नेते. तुम्ही बघायच्या आणि काही म्हणायच्या नाहीत. तुमचं ते न म्हणणं मला डाचायचं.

कादंबरी संपायचा गुरुवार मला चांगला आठवतो. तुम्ही शेवटचं प्रकरण सुरू केलंत. मुलाच्या आईला साक्षीला बोलावलं, वकिलाने तिच्यासमोर एक कागद ठेवला. तुम्ही पान उलटलंत आणि थांबलात. चष्मा काढून पदराला पुसलात. मग म्हणालात, "मंगला, पाणी दे गं जरा." पाणी प्यायलात, अख्खा ग्लास, आणि पुढे वाचलंत.

आईने तो कागद दूर सारला. ती म्हणाली, मी सही करणार नाही. माझ्या मुलाला विचारा. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट बघा, त्याला सांगता येतं. न्यायाधीशांनी प्रश्न विचारला आणि वाट पाहिली. सगळं कोर्ट वाट बघत बसलं, पंखा फिरत राहिला. मग मुलगा बोलला. आजोबांचा पाय घसरला, मी हात पुढे केला, माझा हात पोचला नाही. मुलगा सुटला.

मंगलावहिनी रडल्या. रुचीने टाळ्या वाजवल्या. तुम्ही वही उघडलीत. काका म्हणाले, "लिहा ताई. न्यायाधीश वाट पाहत बसला, ते मले पटलं. आपुन कोनाचीच वाट पाहत नाही." वहिनी म्हणाल्या, "माय असावी तं अशी." रुची म्हणाली, "उसने सच बोला और किसी ने सुना. बस."

माय असावी तर अशी. मी तिथेच बसले होते, ताई.

माझी पाळी आली तेव्हा मी तोंड सोडलं. म्हणाले, सगळं खोटं आहे. या लेखकाला आठ दिवस असा मुलगा सांभाळायला द्या, मग बघू काय लिहितो. बाहेर कोणी वाट बघत नाही. बाहेर आईला सही करावी लागते. जिने कधी ठाण्याचं बाकडं पाहिलं नाही तिच्यासाठी हा शेवट लिहिलाय. आणि तुमच्याकडे बघून म्हणाले, "हा लेखक तुमचाच सख्खा भाऊ शोभते. अगदी तुमच्यासारखं उपदेश करून राहिला." तुमचा चेहरा पडला. तरी तुम्ही माझा शब्द न शब्द वहीत लिहून घेतलात. मी विचारलं, "लेखकाले कळवाल हे?" तुम्ही म्हणालात, "पोचेल त्याच्यापर्यंत. काळजी करू नको."

मी सुमेधचा हात धरला आणि निघाले. पुढच्या गुरुवारी आले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तुमचा तीनदा फोन आला. दोनदा मी सुमेधच्या बाबांना सांगायला लावलं की घरी नाही. तिसऱ्यांदा मी स्वतः उचलला, तुमचा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. त्यानंतर तुम्ही फोन केला नाहीत. मला वाटलं होतं की चौथा कराल. तुम्ही चौथा करावा म्हणून मी रोज संध्याकाळी फोनच्या आसपास कामं काढत होते, हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

आणि आता ही अकरा पानं.

पुस्तक उघडलं, शेवटच्या प्रकरणावर आले, आईला साक्षीला बोलावलं, वकिलाने कागद ठेवला, मी पान उलटलं. छापलेलं असं आहे: आई सही करते. माझ्या मुलाला काय केलं ते समजत नाही, असं त्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि ती शाई सुकेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहते. त्या कागदाच्या जोरावर मुलाला शिक्षा होत नाही, पण तो सुटतही नाही. त्याला एका संस्थेत पाठवतात. तो दोषी होता की नव्हता हे शेवटपर्यंत कळत नाही, कारण त्याला कोणी विचारतच नाही. शेवटच्या पानावर आई रविवारी त्याला भेटायला जाते आणि तो तिच्याशी बोलत नाही.

मी दोनदा वाचलं. मग वाटलं माझी प्रत वेगळी आहे, मग लक्षात आलं की प्रत एकच होती. पुस्तकाच्या मागे तुमच्या वहीचं फाडलेलं पान होतं, लेखकाला लिहायला घेतलेलं. "आमच्या मंडळींची मतं पाठवू शकत नाही, क्षमा करावी. आपला शेवट मी त्यांना वाचून दाखवलाच नाही. तो खरा होता म्हणून. आमच्यात एक" इथे पत्र थांबलंय. पुढे कोरं.

किती वेळ मी ते 'एक' वाचत बसले. आमच्यात एक काय, ताई? एक आई? एक भित्री बाई? एक मैत्रीण? तुम्हाला पुढचा शब्द सुचला नाही की लिहवला नाही?

आधी मला तुमची इतकी माया आली की मी चुलीपाशी बसून ढसाढसा रडले. पान उलटल्यावर पहिल्याच ओळीत तुम्हाला ती सही दिसली असणार. मी चार हातांवर बसलेली. एका ग्लासभर पाण्याएवढ्या वेळात तुम्ही ठरवलंत, आणि मग छापलेल्या ओळींवर डोळे ठेवून, वेळेवर पानं उलटत, तिथे नसलेलं वाचत गेलात. आवाजात काही कळू दिलं नाहीत. तुमचाच नियम तुम्ही माझ्यासाठी मोडलात, आणि वर मी तुम्हाला तोंडावर खोटं म्हटलं. तुम्ही ते लिहूनही घेतलंत.

दुसऱ्या दिवशी राग आला. खरंच सांगते. त्या पुस्तकात एक बाई होती जिने माझ्यासारखीच सही केली होती. कोणीतरी, कुठल्या तरी गावात बसून, तिला लिहिलं होतं. ती फुंकर घालते ते वाचून मला वाटलं, मी बॉलपेनने केली होती, मला तर फुंकर घालायचीही सोय नव्हती. तिची आणि माझी गाठ पडली असती तर गेले नऊ महिने मी इतकी एकटी झाले नसते. तुम्ही तिला माझ्यापासून लपवलंत, साड्यांच्या घडीत. आणि तिच्या जागी उभी केलीत ती कोण? तीच, जिच्या तोंडी तुमचं ठाण्यातलं वाक्य. मला वाचवता वाचवता टोमणा मारलातच. त्याशिवाय तुम्हाला राहवलं नाही. मला तो तेव्हाच लागला होता, फक्त मारणारं कोण ते कळलं नव्हतं.

यावर तुमच्याशी कडाक्याचं भांडण व्हायला हवं होतं. मी दोन्ही बाजूंनी भांडून बघितलं, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. जमत नाही. तुमच्या बाजूने मी बोलायला लागले की तुम्ही फार लवकर माघार घेता, आणि तुम्ही तशा नव्हता.

तर काल काय वाचायचं हा प्रश्न होता. छापलेलं वाचलं तर तुमची लबाडी उघडी पडणार, तीही तुमच्या शोकसभेत. तुमचं वाचलं तर मीही त्याच लबाडीत. मी दारात पोचले तोवर ठरवलं होतं की तुमचंच वाचायचं. झाकली मूठ राहू द्यावी. आत गेले तर काळेकाका उठून सुमेधसमोर आले. "कसा हायेस, सुमेध?" म्हणाले, आणि थांबले. नुसते उभे राहिले. मी सवयीने त्याच्या वतीने बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मिनिटभर झालं असेल, जास्तच. वहिनींच्या हातातला चहा निवत होता. सुमेध खिडकीकडे बघत म्हणाला, "ठीक हूँ." काका म्हणाले, "बस," आणि जाऊन बसले. हे त्यांना पुस्तकात नसलेल्या तुमच्या न्यायाधीशाने शिकवलं होतं.

खुर्चीवर तुमचा फोटो, म्हणून मी खाली सतरंजीवर बसले. वाचायला लागले. साक्ष आली, कागद आला, मी पान उलटलं. तुमचं पहिलं वाक्य ओठांवर तयार होतं. पण डोळ्यांसमोर ती बाई सही करत होती, आणि मला तिला ओलांडून पुढे जाता येईना. मी छापलेलं वाचलं. अकराच्या अकरा पानं. आवाज फुटला तिथे थांबले आणि पुन्हा वाचलं.

"गलत है," सुमेध मधेच म्हणाला. मी थांबले नाही.

संपल्यावर मंगलावहिनी म्हणाल्या, "अगं पन हे तं भलतंच हाये. ताईनं तं असं नव्हतं वाचलं." मी त्यांना सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की पुस्तकात हेच आहे, आणि त्या दिवशीचा शेवट ताईंचा स्वतःचा होता. रुचीने माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि एकेक ओळ बोटाने शोधायला लागली. काका म्हणाले, "मंग आता तो ताईचा कुठं गेला? कोनी लिहून ठेवला का?"

तेव्हा खिडकीतून आवाज आला, "मंगला, पाणी दे गं जरा."

मंगलावहिनी उठल्या, ताई. खरोखर उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि ग्लास भरून घेऊन आल्या, आणि मग तो कोणाला द्यावा ते न कळून तशाच उभ्या राहिल्या. सुमेध टाक्यांकडे बघत बोलत होता. तुमच्या मराठीत. घरी जो हिंदीशिवाय बोलत नाही तो तुमचं पुस्तकी मराठी बोलत होता, जिथे तुम्ही श्वास घेतला होता तिथे श्वास घेत, आणि मधे तुम्हाला ठसका लागला होता तोसुद्धा. आईने तो कागद दूर सारला. पासून शेवटपर्यंत. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचलंत, स्वतः एवढंच रचलंत, आणि ते फक्त त्याच्यापाशी राहिलंय.

वही तर हवीच होती, म्हणून काकांनी पुन्हा मतं विचारली. स्वतः म्हणाले, "मले आता ती सही करनारी माय जास्त खरी वाटून राहिली. पन राहावं ताईच्या कोर्टात." वहिनी तो ग्लास हातात धरूनच बसल्या. रुची म्हणाली, "वो मम्मी अकेली थी ना, इसलिए साइन कर दिया. कुंदा दीदी जैसी कोई साथ में होती तो नहीं करती."

मी मान हलवली. काय सांगणार होते तिला? तुम्ही होतात की. माझा दंड धरून उभ्या होतात, दोन वेगवेगळ्या चपला घालून. तरी केली.

घरी आलो. दिवेलागणीची वेळ, सुमेधचे बाबा अजून यायचे होते. मी कुकर लावला आणि त्याच्यासमोर जाऊन बसले. दीड वर्षात न विचारलेला प्रश्न विचारला, एका वेळी एकच, तुम्ही सांगितलं होतं तसा. "सुमेध, त्या दिवशी तू त्या घरात काहून गेला होता?"

आणि थांबले. फार अवघड असतं हो ते. चार वेळा माझ्या तोंडात त्याचं उत्तर आलं आणि चारही वेळा मी ते गिळलं. कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.

"टंकी भर गई थी," तो म्हणाला. "पानी रोड पे आ रहा था. मैंने आवाज़ दी. आंटी, टंकी भर गई. दो बार दी. कोई नहीं आया. तो मैंने बटन बंद किया."

दोन हाका मारल्या होत्या त्याने. तक्रारीत लिहिलं होतं, चुपचाप घुसा. तो मलासुद्धा कधी हाक मारत नाही, ताई, काही हवं असलं तर येऊन खांद्याला बोट लावतो. आणि त्या परक्या बाईला त्याने दोनदा हाक मारली होती.

मी विचारलं, "मंग तू ठान्यात काहून नाही सांगितलं हे?"

या वेळी फार थांबावं लागलं नाही.

"मम्मी बोल रही थी," तो म्हणाला.

मोठं माणूस बोलत असताना मधे बोलायचं नाही, हे त्याला शिकवायला मला चार वर्षं लागली होती.